प्लग-इन हायब्रिड पिकअप घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअप घेणारा माणूस सहसा वर्षातला सगळ्यात अवघड दिवस डोळ्यांसमोर ठेवून गाडी निवडतो: भरलेला ट्रेलर, लांबलचक घाट, चिखलाचा रस्ता. प्लग-इन हायब्रिडचे पैसे मात्र वर्षभराच्या साध्या दिवसांतून वसूल होतात. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील: रात्री गाडी उभी राहते तिथे वीज आहे का, आणि तिचा नेहमीचा दिवस किती किलोमीटरचा असतो.

प्लग-इन हायब्रिड पिकअप म्हणजे नेमकं काय? साध्या हायब्रिडपेक्षा वेगळं काय?

इंजिन, इलेक्ट्रिक मोटर आणि बाहेरून चार्ज करता येणारी मोठी बॅटरी, तिन्ही एकाच गाडीत असतात. साध्या हायब्रिडची बॅटरी एक-दोन युनिटांचीच असते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ती साठवते आणि लगेच वापरून टाकते. तिला प्लग नसतो. फोर्डची एफ-१५० पॉवरबूस्ट ही या साध्या प्रकारातली. प्लग-इनची बॅटरी साधारण दहापासून चाळीस युनिटांपर्यंत जाते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आपल्या वीजबिलावर असतं तेच.) एवढ्या विजेवर इंजिन सुरू न करता रोजचं येणं-जाणं उरकता येतं.

सगळ्या प्लग-इन पिकअप एकसारख्याच असतात का?

अजिबात नाही, आणि फसगत होते ती इथेच. तीन उदाहरणं घेऊ.

बीवायडी या चिनी कंपनीची शार्क २०२४ च्या मे महिन्यात मेक्सिकोत आली, नंतर ‘शार्क ६’ या नावाने ऑस्ट्रेलियात गेली. त्या पहिल्या शार्कमध्ये १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २९.५८ युनिटांची बॅटरी आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या मोटरी आहेत. इंजिन मुख्यतः वीज तयार करतं, जरूर पडली की पुढच्या चाकांना हातभार लावतं. मागच्या चाकांपर्यंत इंजिनापासून शाफ्ट जातच नाही.

फोर्ड रेंजरची प्लग-इन आवृत्ती जुन्या वळणाची आहे. २.३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, त्याच्या आणि दहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मधे ७५ किलोवॉटची मोटर, आणि वापरता येईल अशी ११.८ युनिटांची बॅटरी. शाफ्ट, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) सगळं नेहमीच्या फोर बाय फोरसारखं. विजेवर ती जेमतेम ४०-४५ किलोमीटर जाते, पण ट्रेलर ३,५०० किलोचा ओढते. पहिल्या शार्कची मर्यादा २,५०० किलोची.

जीडब्ल्यूएम या चिनी कंपनीच्या कॅनन अल्फामध्ये २.० लिटरचं टर्बो इंजिन आणि ३७.१ युनिटांची बॅटरी आहे, ओढण्याची मर्यादा ३,५०० किलो.

तेव्हा ‘प्लग-इन पिकअप चांगली का?’ याला एकच एक उत्तर नाही. रोजचा प्रवास मोठा असेल तर मोठी बॅटरी, ओढायचं काम मोठं असेल तर मजबूत यांत्रिक जोडणी. दोन्ही भरपूर देणाऱ्या गाड्या थोड्या आहेत, आणि त्या वजनदार आहेत.

माझ्या गरजेला ती बसते का, हे कसं ठरवू?

महिनाभर वही ठेवा. रोज तीन नोंदी करा: किती किलोमीटर झाले, हौद्यात किंवा ट्रेलरवर किती वजन होतं, आणि रात्री गाडी कुठे उभी राहिली. महिन्यात हंगामाचं काम येत नसेल तर त्याचा वेगळा अंदाज लिहा. माणूस आपला रोजचा प्रवास जास्त धरतो आणि ओझं उचलण्याचे दिवसही जास्त धरतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. वहीत खरं काय ते दिसतं.

महिन्यातल्या बहुतेक दिवशी प्रवास बॅटरीच्या पल्ल्यात बसत असेल आणि गाडी रात्री प्लगजवळ असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी आहे. रोज दोन-तीनशे किलोमीटरची धाव असेल, किंवा आठवड्यातून चार दिवस जड ट्रेलर मागे असेल, तर नाही. मधल्या लोकांनी पुढची उत्तरं नीट वाचावीत.

घरी चार्जिंगची सोय नाही. सार्वजनिक चार्जरवर भागेल का?

माझं स्पष्ट मत: सोय नसेल तर घेऊ नका. रोज चार्ज न होणारी प्लग-इन हायब्रिड म्हणजे दीडशे-तीनशे किलोंचं जादा ओझं वाहणारी पेट्रोल पिकअप. चार-पाचशे किलोमीटर जाणारी पूर्ण इलेक्ट्रिक गाडी आठवड्यातून एकदा-दोनदा सार्वजनिक चार्जरवर नेणं जमतं. साठ-सत्तर किलोमीटरच्या बॅटरीसाठी रोज तिथे ताटकळणं कुणाच्याच हातून होत नाही. दोन आठवड्यांत केबल सीटमागे जाऊन पडते. शिवाय सगळ्या गाड्यांना जलद चार्जिंग नसतं. शार्क ५५ किलोवॉटपर्यंत डीसी म्हणजे जलद चार्जिंग घेते, रेंजरला ती सोयच नाही.

कामाच्या ठिकाणी रोज सात-आठ तास प्लग मिळत असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या प्लगइतकाच तो उपयोगी, फक्त उद्या ती सोय काढून घेतली तर काय, एवढं आधी विचारून ठेवा.

साध्या सॉकेटवर चार्जिंग होतं का? किती वेळ लागतो?

होतं. २३० व्होल्टच्या १० अँपिअर सॉकेटमधून सव्वादोन किलोवॉटच्या आसपास मिळतात. ११.८ युनिटांची बॅटरी सहा तासांत भरते, म्हणजे रात्रीत आरामात. तीस युनिटांची रिकामी बॅटरी भरायला मात्र चौदा-पंधरा तास लागतात. ती रोज पूर्ण रिकामी होणार असेल तर ७ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर बसवून घ्या, साडेचार-पाच तासांत काम होतं. गाडी तेवढी वीज घेऊ शकते ना, हे आधी बघा. काही गाड्यांचा आतला चार्जर त्याहून लहान असतो.

सलग इतके तास पूर्ण करंट ओढणारं यंत्र घरात सहसा दुसरं नसतं. म्हणून स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर, नीट अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर हवाच. बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावून रात्रभर गाडी चार्जिंगला ठेवू नका. वायर तापते आणि आग तिथूनच लागते.

कंपनी सांगते तेवढं अंतर विजेवर खरंच मिळतं?

आकडा कोणत्या चाचणीतला आहे ते आधी पाहा. एनईडीसी ही जुनी चाचणी सगळ्यात उदार. डब्ल्यूएलटीपी तिच्यापेक्षा कडक, आणि अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची पद्धत त्याहून वास्तवाच्या जवळ. शार्कचे १०० किलोमीटर आणि कॅनन अल्फाचे ११५ किलोमीटर हे एनईडीसीचे आकडे आहेत. रेंजरचे युरोपातले ४३ किलोमीटर डब्ल्यूएलटीपीचे. हे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर चूक होणारच.

त्यापेक्षा हिशेब स्वतः करा. एवढ्या मोठ्या गाडीला शंभर किलोमीटरला २५ ते ३० युनिटं लागतात. बॅटरीतली वापरता येणारी युनिटं या हिशेबात बसवा, जवळपास खरा पल्ला हाती येईल. महामार्गावर तो आणखी घटतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात तर तो विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि पिकअपचं उंच, चौकोनी थोबाड त्यात भर घालतं. जाड खाचांचे टायर आणि टपावरचा कॅरिअर यांचीही किंमत मोजावी लागते.

विजेवर चालवणं इंधनापेक्षा खरंच स्वस्त पडतं का?

दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून कुठेही चालेल अशी रीत सांगते. शंभर किलोमीटरला बॅटरीतून २८ युनिटं गेली, तर चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर ३२ च्या आसपास दिसतील. त्याच ताकदीची इंजिनवाली पिकअप तेवढ्याला साधारण १० लिटर खाते. म्हणजे एक लिटर बरोबर ३.२ युनिटं.

आता तुमच्याकडच्या एका लिटरच्या दराला एका युनिटच्या दराने भागा. उत्तर ३.२ च्या आसपास आलं तर विजेवर चालवून काही वाचत नाही. ६ च्या वर गेलं तर खर्च निम्म्यावर येतो. १० च्या पुढे असेल तर इंधनाच्या एक तृतीयांशात काम होतं. रात्रीचा सवलतीचा दर किंवा छतावरचं सौर पॅनेल असेल तर युनिटचा दर त्याप्रमाणे धरा. सार्वजनिक जलद चार्जरचा दर घरच्या दरापेक्षा बराच चढा असतो. त्या दराने भागून पाहिलंत तर पुष्कळदा वीजच महाग पडते.

पुढची पायरी वर्षाची. रोज ४० किलोमीटर, वर्षाला २५० दिवस विजेवर झाले तर १०,००० किलोमीटर होतात. म्हणजे १,००० लिटर वाचले आणि ३,२०० युनिटं लागली. हा फरक तुमच्या दराने मांडा आणि डिझेल पिकअपच्या तुलनेत जे जास्त पैसे मोजणार आहात त्याला त्याने भागा. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. उत्तर आठ-दहा वर्षांच्या पुढे गेलं तर केवळ बचतीसाठी ही गाडी घेऊ नये.

बॅटरी संपल्यावर काय होतं?

गाडी थांबत नाही. थोडी वीज राखून ठेवून ती साध्या हायब्रिडसारखी चालते. शहरात थांबत-निघत जाताना तेव्हाही अ‍ॅव्हरेज बरं मिळतं. सपाट महामार्गावर सलग धावताना मात्र ब्रेकमधून परत काही मिळत नाही, वजन तेवढंच राहतं, आणि डिझेलवाला पुढे जातो.

काही गाड्यांत चालताना इंजिनाने बॅटरी भरायचा मोड असतो. तो रोज वापरू नका. इंधनाची वीज करायची आणि विजेची पुन्हा गती, यात दोनदा तूट सोसावी लागते. पुढे घाट आहे, किंवा मुक्कामी हत्यारं चालवायची आहेत, अशा वेळी तो कामाचा.

ट्रेलर ओढायला ती कशी?

या प्रश्नावर घाईने होकार देणारे खूप भेटतात, म्हणून सविस्तर सांगते.

सुटताना ती फार छान ओढते. मोटरची ओढ शून्य वेगापासून पूर्ण मिळते. बोट पाण्यातून चढावर काढणं, भरलेला ट्रेलर मागे घेणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, ही सगळी कामं ती कोणत्याही डिझेलपेक्षा मऊपणे करते. छोट्या अंतरावर, गावातल्या गावात जड ओढायचं असेल तर हिच्यासारखी गाडी नाही.

लांबचा पल्ला हे दुसरं प्रकरण. जड आणि उंच ट्रेलर मागे लागला की ऊर्जेचा खर्च सहज दुप्पट होतो. साठ-सत्तर किलोमीटरची बॅटरी तीस-पस्तीसमध्ये संपते. त्यापुढे सगळा भार इंजिनावर, आणि १.५ लिटरचं इंजिन मोठा घाट चढताना जनरेटर म्हणून पूर्ण जोर लावत असतं. कॅटलॉगमध्ये लिहिलेली शेकडो अश्वशक्ती ही बॅटरी आणि इंजिन मिळून असते. बॅटरी तळाला गेल्यावर उरते ती इंजिनाची. अशा गाडीने घाट गाठायच्या आधीच बॅटरी राखायचा मोड लावावा, निम्मी तरी शिल्लक ठेवावी. टाकीकडेही लक्ष हवं: ट्रेलरसह पेट्रोल जास्त जातं आणि दोन पंपांमधलं अंतर एरवीपेक्षा मोठं वाटू लागतं. आतापर्यंतच्या बहुतेक प्लग-इन पिकअप पेट्रोलवरच्या आहेत, हे डिझेलची सवय असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

आणखी एक आकडा कुणी विचारत नाही: गाडी आणि ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची मर्यादा. भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरचं कमाल वजन यांची बेरीज पुष्कळ वेळा या मर्यादेच्या वर जाते. म्हणजे पूर्ण भरलेला हौदा आणि पूर्ण भरलेला ट्रेलर एकाच वेळी चालत नाही. हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो मागून घ्या.

हौद्यात किती माल घालता येईल?

बॅटरीचं वजन मालाच्या वाट्यातून जातं. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या शार्क ६ ची वाहनक्षमता ७९० किलो आहे. त्याच आकाराच्या कित्येक डिझेल पिकअप टनाच्या घरात नेतात. आता ७९० म्हणजे हौद्यात ७९० असा अर्थ नाही. २,५०० किलोचा ट्रेलर जोडला तर त्याच्या दहा टक्के, म्हणजे २५० किलो भार हुकावर येतो आणि तो गाडीच्या खात्यात धरला जातो. उरले ५४०. पाच माणसं प्रत्येकी ७५ किलोची, म्हणजे ३७५. उरले १६५. त्यात हौद्यावरचं झाकण, पुढचा लोखंडी बंपर, हत्यारांची पेटी. (चालकाचं वजन आधीच धरलंय की नाही, हे देशागणिक बदलतं, विचारून घ्या.) सिमेंटची पोती किंवा ओली वाळू रोज वाहणाऱ्याने हा हिशेब कागदावर केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चिखलात, दगडधोंड्यांत चालेल?

कच्चा रस्ता, ओलं गवत, वाळू यांत मोटरची बारीक हुकमत फार उपयोगी पडते, आणि हळू जाताना आवाजही नसतो. खडकाळ चढावर तासन्‌तास रांगत जायचं असेल तर लो रेंज गिअर (अगदी हळू, जोराने ओढणारा) आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) असलेली गाडी घ्या. मागच्या चाकांना फक्त मोटर असलेल्या रचनेत चाकं हवेत उचलली गेली की सगळं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर अवलंबून राहतं. पोटाखाली बॅटरी आहे, तेव्हा तिच्याखालचं संरक्षक पत्रा किती जाड आहे हे वाकून पाहा.

तिच्यातून वीज बाहेर काढता येते म्हणतात. त्याचा खरंच उपयोग होतो?

कारागिरांसाठी मला हा सगळ्यात मोलाचा गुण वाटतो. शार्क ६.६ किलोवॉट देते, रेंजर ६.९ किलोवॉटपर्यंत. ग्राइंडर, कटर, काँक्रीट मिक्सर, कॉम्प्रेसर आरामात चालतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अधूनमधून हत्यारं चालवली तरी पाच-सात युनिटं पुरे होतात, आणि मोठ्या बॅटरीत घरी परतण्यापुरती वीज उरते. वेगळा जनरेटर, त्याचा धूर, आवाज, त्याच्यासाठी कॅनमधून पेट्रोल नेणं, हे सगळं सुटतं. तुमचं काम वीज नसलेल्या जागी चालत असेल तर वसुलीच्या हिशेबात जनरेटरचा खर्चही धरा. वीज गेल्यावर घरचा फ्रिज, दिवे, पंखे चालवता येतात, मात्र गाडीची वीज थेट घराच्या वायरिंगमध्ये सोडू नका. लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. त्यासाठी वेगळा बदल-स्विच लागतो आणि तो जाणकाराकडूनच बसवावा.

घाट उतरताना काही काळजी?

हो, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. उतारावर मोटर जनरेटर होऊन गाडी रोखते, ब्रेक पॅड वाचतात. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते आणि रोखण्याचा जोर कमी होतो. तुमचं घर डोंगरावर असेल तर चार्जिंग ऐंशी-नव्वद टक्क्यांवर थांबवा. ट्रेलर असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच.

थंडीत फरक पडतो का?

पडतो. बॅटरी गार असली की वीज कमी देते, चार्ज सावकाश होते, आणि हीटरसाठी काही गाड्या इंजिनच सुरू करतात. प्लगला लावलेली असतानाच गाडी आतून गरम करून निघालात तर पल्ला बराच वाचतो.

इंजिन महिना-महिना सुरूच झालं नाही तर?

पेट्रोल जुनं होतं, तेल तळाला बसून राहतं. शेवरलेच्या व्होल्ट या मोटारीत इंजिन दीर्घकाळ बंद राहिलं तर ते आपोआप थोडा वेळ चालायचं, आणि पेट्रोल साधारण वर्षभर जुनं झालं की ते जाळून संपवायचं. अशी सोय तुमच्या गाडीत आहे का ते विचारा. नसेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास इंजिनवर फिरवून आणा, टाकी निम्म्यावरच ठेवा.

बॅटरी किती वर्षं टिकते?

बऱ्याच कंपन्या आठ वर्षांची हमी देतात. लोह-फॉस्फेटची म्हणजे एलएफपी बॅटरी हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते. शार्कमध्ये तीच आहे. लहान बॅटरीवर ताण जास्त येतो: तेवढेच किलोमीटर विजेवर काढायला १२ युनिटांच्या बॅटरीला तीस युनिटांच्या बॅटरीपेक्षा अडीचपट वेळा भरावं लागतं. हमीत किती टक्के क्षमता उरण्याची खात्री आहे आणि धंद्याच्या वापराला ती लागू आहे का, या दोन ओळी शोधून वाचा.

सर्व्हिसिंगचा खर्च कमी येतो का?

ब्रेकवर वाचतो, बाकी फारसा नाही. इंजिन आहे म्हणजे तेल, फिल्टर, कूलंट आलंच, आणि ते किलोमीटर झाले नाहीत तरी मुदतीप्रमाणे बदलावं लागतं. नेहमीच्या मेकॅनिकने जास्त व्होल्टच्या नारिंगी वायरींना हात लावू नये. तुमच्यापासून जवळचं प्रशिक्षित सर्व्हिस सेंटर किती दूर आहे, हे गाडी ठरवण्याआधी पाहा.

पर्यावरणासाठी घेतली तर?

चार्ज केली तर उपयोग. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये रस्त्यावरच्या मोटारींमधली प्रत्यक्ष नोंद तपासली. २०२१ मध्ये नोंदलेल्या प्लग-इन हायब्रिड मोटारींचं उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी ३.५ पट निघालं. मुख्य कारण हेच, की लोक त्या अपेक्षेइतक्या चार्ज करत नव्हते. तुमचा आकडा कुठे पडेल हे तुमच्या हातात आहे.

मग डिझेल, साधी हायब्रिड किंवा पूर्ण इलेक्ट्रिक कधी घ्यावी?

रोज लांब आणि जड असेल तर डिझेल. प्लग नाही पण शहरात थांबत-निघत चालवायची असेल तर साधी हायब्रिड. प्लग आहे, ट्रेलर क्वचितच, आणि लांबच्या वाटेवर जलद चार्जर भरवशाचे असतील तर पूर्ण इलेक्ट्रिक; दोन यंत्रणा सांभाळायच्या कशाला?

टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

शोरूममध्ये बॅटरी पूर्ण भरूनच गाडी देतात. बॅटरी तळाला असताना चालवायला मागा: चढावर, एसी लावून, शक्य असेल तर हौद्यात वजन किंवा मागे ट्रेलर घेऊन. इंजिन किती ओरडतं, वेग टिकतो का ते ऐका आणि पाहा. मग आतल्या चार्जरची क्षमता, वाहनक्षमता, एकत्रित वजनाची मर्यादा आणि बॅटरीची हमी लेखी घ्या. सेकंड हँड गाडी असेल तर बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा सर्व्हिस सेंटरचा अहवाल मागा, आणि आधीच्या मालकाकडे चार्जिंगची केबल आहे का तेही विचारा.